नवव्या दिवशीची गाठ

बापूसो आप्पा हाडं बसवायचे. कळंब्याच्या रस्त्याला त्यांचा ऊस होता, गोठ्यात चार म्हशी होत्या, आणि सकाळच्या धारा उरकल्या की सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, घोंगडं टाकून ते बसायचे. तोवर अंगणात सात-आठ जण येऊन थांबलेले असायचे. कुणाचा खांदा निखळलेला, कुणाचा घोटा मुरगळलेला. तालमीतली पोरं तर रोजचीच. आप्पा स्वतः तरुणपणी कुस्ती खेळलेले, त्यांचे दोन्ही कान मोडून गोळा झालेले होते. ते कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. कुणी नारळ आणला तरी परत पाठवायचे. त्यामुळे त्यांना कुणी उलटून काही विचारायचंही नाही.

मी हे कौतुक म्हणून सांगत नाही, आणि मेलेल्या माणसाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या म्हणूनही नाही. माझा उजवा हात त्यांनी घालवला. ते त्यांना माहीत होतं. तसं तोंडानं म्हणायला त्यांना तेरा वर्षं लागली, त्या तेरा वर्षांचं सांगते आहे.

१९९३ साली मी आठ वर्षांची होते. तासाच्या भाड्यानं सायकल मिळायची तेव्हा. रविवारी अशीच एक सायकल घेऊन मी कळंबा जेलच्या भिंतीकडेच्या रस्त्यानं निघाले आणि खडीवर घसरून पडले. कोपर सुजलं. आमचे आबा, म्हणजे वडील, उद्यमनगरात लेथवर कामाला होते. रविवार म्हणून घरी होते. त्यांनी मला त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसवलं आणि आप्पांकडे नेलं. दवाखान्याचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नाही. हाड म्हणजे आप्पा, हे सगळ्या भागाला ठरलेलं होतं.

आणखी एक गोष्ट होती. आम्ही बौद्ध. आबांच्या वडिलांना या सोप्याची पायरी चढता आली नव्हती. काही बोलायचं तर अंगणाच्या कडेला उभं राहून बोलायचं. आप्पांनी मला आत घेतलं, घोंगड्यावर बसवलं, माझा हात स्वतःच्या मांडीवर ठेवला. आबा पुढं कितीतरी वर्षं हे लोकांना सांगत. हात गेल्यावरसुद्धा सांगत. ते सांगायला लागले की मी उठून जायची.

"अण्णासो, खांदा धर तिचा," आप्पा आबांना म्हणाले. "आन् तोंडाकडं बघू नगंस."

त्यांनी ओढलं. मी ओरडले, ते अंगणातल्या लोकांनी ऐकलं असेल. मग त्यांच्या बायकोनं, पद्माक्कांनी, लेप आणला. दुसरे हाडवैद्य अंड्याचा बलक लावतात. जैनाच्या घरात अंडं कुठलं, म्हणून आप्पा उडदाचं पीठ आणि आंबेहळद कालवून लावायचे. वाळलं की दगडासारखं व्हायचं ते. त्यावर बांबूच्या कामट्या, त्यावर जुन्या धोतराच्या पट्ट्या, आणि शेवटी गाठ. ती गाठ त्यांची स्वतःची होती. दोन वेढे उलटे घ्यायचे आणि शेंडी आत दडवायची. त्यांच्याशिवाय ती कुणाला मारता यायची नाही, सोडली तर पुन्हा तशी बांधता यायची नाही.

"नऊ दिवस गाठीला हात लावायचा न्हाय," आप्पा म्हणाले. "नवव्या दिवशी मी सोडणार."

आबांनी भीत भीत विचारलं, "एकदा फोटो काढून आणू काय हाडाचा?"

"फोटो?" आप्पा अंगणाकडे बघून म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "फोटो बघून कुणी म्हस इकत घेतंय व्हय रं?"

सगळे हसले. आबाही हसले. पुढं हे वाक्य भागात बरंच चाललं.

आई तेव्हा धाकट्याच्या बाळंतपणाला राधानगरीला माहेरी गेली होती. घरात मी, आबा आणि आबांची आई, तानूबाई. दुसऱ्या दिवशी माझी बोटं सुजून जांभळी पडली. दुखणं असं होतं की मी भिंतीला डोकं आपटत होते. आजी दुपारी विळी घेऊन आली आणि म्हणाली, "आण्या, म्या ही पट्टी कापती. पोरगी मरंल." त्या दिवशी खाडा करून घरी थांबलेल्या आबांनी तिच्या हातातून विळी काढून घेतली. मग ते सायकल मारत आप्पांकडे गेले आणि परत आले.

"आप्पा म्हणालं, दुखणारच की. हाड सांधतंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी दुखायचं थांबलं.

मला ती सकाळ नीट आठवते, कारण घर आनंदात होतं. मी चहा-चपाती खाल्ली. आबा कामावर जाता जाता वाट वाकडी करून आप्पांना सांगून आले. संध्याकाळी त्यांनी मला आप्पांचा निरोप सांगितला: "दुखायचं थांबलं म्हंजे हाड बसलं." मी बोटांकडे बघितलं. ती माझी आहेत असं वाटत नव्हतं. पण दुखत नव्हतं ना, मग मी कशाला बोलू. आठ वर्षांच्या मुलीला दुखत नाही म्हणजे बरं आहे, एवढंच कळतं. साठीला आलेल्या बापूसो आप्पांनाही तेवढंच कळत होतं, हे मात्र मला फार उशिरा समजलं.

नवव्या दिवशी आप्पांनी गाठ सोडली. पट्ट्या काढल्या, लेप पाण्यानं भिजवून सोलून काढला. हात पांढराफटक होता. बोटं आत वळली होती. आप्पांनी एक एक बोट सरळ करून बघितलं. सोडलं की पुन्हा ते आत जायचं. अंगणात लोक थांबलेले होते. आप्पांनी एकदा तिकडे बघितलं. मग म्हणाले, "तेल लावून चोळा. ईल जाग्यावर."

सहा महिने चोळलं. आई माहेराहून आली ती रोज तेल कोमट करून बसायची. ती काय करते आहे हे मी बघत असायची. मला जाणवत काही नव्हतं. शेवटी आबा मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी हात बघितला आणि विचारलं, "पट्टी किती दिवस ठेवली होती?" नऊ म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. पट्टी आवळल्यानं रक्त बंद झालं होतं, आतलं मांस आणि शिरा मेल्या होत्या. दुखायचं थांबलं ते हाड बसलं म्हणून नव्हे. त्या तिसऱ्या दिवशी पट्टी कापली असती तरी कदाचित हात थोडाफार वाचला असता, ते म्हणाले.

येताना आबांनी मला गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि ते घरात न येता थेट आप्पांकडे गेले. भांडायला नव्हे. आबा भांडणारे नव्हते. त्यांनी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं आणि उभे राहिले.

"चाळीस वरसं हाडं बसवतोय," आप्पा म्हणाले. "माझ्या हातनं एक वाकडं गेल्यालं न्हाय. पोरीनं मधी गाठ सोडली असंल."

ज्यांचं वाकडं गेलं ते पुन्हा सांगायला कशाला येतील, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. आप्पांच्याही नाही. पण गाठीचं वाक्य अंगणातल्या लोकांनी उचललं. पंधरा दिवसांत ते आमच्या गल्लीत आलं आणि तिथंच राहिलं. अण्णासोच्या पोरीनं गाठ सोडली. खोडकर पोरगी, सायकलवर हिंडणारी, सोडली असेल. आजी एकटी म्हणायची की पोरीनं हात लावला नाही. पण ती आजी. तिचं कोण ऐकतंय?

मी डाव्या हातानं लिहायला शिकले. उजवा हात ओढणीखाली ठेवायला शिकले. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी आबांनी पेढे आणले, आणि पेढा हातात ठेवता ठेवता हळूच म्हणाले, "रूपे, आता मी रागवायचो न्हाय. खरं सांग. गाठ सोडलीतीस काय?"

मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. पेढा मी खाल्ला. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटण्याची जागा बोटांसारखीच झाली होती. खरी पंचाईत वेगळीच होती. इतक्या लोकांनी इतक्या वर्षांत विचारल्यावर माझीच खात्री डळमळायला लागली होती. त्या दुसऱ्या दिवशी, भिंतीला डोकं आपटताना, मी गाठ ओढली तर नसेल? थोडीशी? मला आठवत नव्हतं. खरं काय ते सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो सांगत नव्हता.

बारावीनंतर २००३ साली मला एका एक्स-रे सेंटरमध्ये काउंटरवर नोकरी लागली. नाव, वय, गाव, कुठला भाग, डावा की उजवा, एवढं लिहायचं आणि नंबर द्यायचा. पहिल्याच आठवड्यात कळंब्याकडचा एक माणूस मनगट धरून आला आणि त्यानं वहीच्या कागदाचा तुकडा पुढं केला. वर पेन्सिलनं लिहिलेलं: 'आधी फोटो काढा. मग मी बघतो. बापूसो.'

मला वाटलं, दुसरा कुणी बापूसो असेल. पण तसे कागद येतच राहिले. आठवड्याला चार, कधी पाच. एकाला मी विचारलंच, "आप्पा फोटोला कधीपासून पाठवायला लागले?"

"झाली की तीन-चार वरसं," तो म्हणाला. "म्हातारं भ्यालंय आता. आम्ही म्हटलं, आप्पा, फोटो बघून म्हस घेत न्हाईत म्हणालता की. तर म्हणतंय, म्हशीचं सोड, आधी फोटो काढून आण. आन् सारखं बोटं हलवायला लावतंय. हितं कळतंय काय, हितं कळतंय काय. हात गेला त्येंचा."

हात गेला. त्याला म्हणायचं होतं की आप्पांचं कसब गेलं. मी त्याला नंबर दिला.

ते कागद मी टेबलाच्या खालच्या खणात टाकत गेले. फेकवत नव्हते, ठेवावेसेही वाटत नव्हते. लोकांना वाटेल की माणूस सुधारला, आता रागवायचं कशाला. मला तसं वाटलं नाही. पुढच्या शंभर जणांचे हात सांभाळले, छान केलं. माझ्या गल्लीत मात्र गाठ अजून मीच सोडलेली होती.

आबा २००४ च्या डिसेंबरात गेले. छातीत दुखलं आणि दोन तासांत गेले. पुढच्याच महिन्यात पद्माक्का आमच्या सेंटरला आल्या. गुडघ्यांचा फोटो काढायचा होता. त्यांनी मला आधी ओळखलं नाही. मग मी डाव्या हातानं लिहायला लागले तेव्हा ओळखलं. त्या काउंटरसमोरच्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "तुला एक सांगायचं हाय. सांगू का नको म्हणून लई दिस झालं."

त्यांनी सांगितलं ते असं. नव्व्याण्णव साली त्या गोठ्यात शेणावरून घसरल्या आणि मनगट मोडलं. आप्पांनीच बसवलं. तोच लेप, तशाच कामट्या, तीच गाठ. दुसरा दिवस त्यांनी दात आवळून काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हशीखाली बसलेल्या आप्पांना त्यांनी दारातूनच सांगितलं, "बरं हाय आज. दुखायचं थांबलं."

"ह्येनी बादली तशीच सोडली," पद्माक्का म्हणाल्या. "पळत आलं. खुरप्यानं कापली बघ पट्टी, गाठबी सोडायला थांबलं न्हाईत. माझी बोटं गार पडलीती. चोळत बसलं, आन् तुझं नाव घेत हुतं. रूपाली, रूपाली. मला वाटलं, खूळ लागलं माणसाला."

त्यांनी त्यांचं मनगट मला दाखवलं. जरा तिरकं जुळलं होतं, पण बोटं सगळी हलत होती.

"मग येऊन सांगितलं का नाहीत?" मी विचारलं. "आबांना तरी."

"तुमच्या गल्लीच्या तोंडापतोर दोनदा गेलतं. म्हागारी आलं. त्यास्नी जमत न्हाय गं. लोकांच्या म्होरं चुकलो म्हणायची सवयच न्हाय."

मी त्यांना त्यांचा नंबर सांगितला आणि आत पाठवलं. त्या दिवशी घरी जाताना मला रडू येईल असं वाटत होतं. आलं नाही. नव्व्याण्णव साली आबा जिवंत होते, पाच वर्षं होती आप्पांच्या हातात, एवढाच हिशेब डोक्यात फिरत राहिला.

२००६ साली मला पाहायला कागलकडची माणसं येऊन गेली. मुलगा बरा होता. आठ दिवसांनी निरोप आला की हाताचं तसं काही नाही, पण मुलगी लहानपणापासूनच कुणाचं ऐकत नाही असं गल्लीत कळलं. गल्लीत म्हणजे कोण, हे मला माहीत होतं. आमच्या शेजारचा सयाजी. वाईट माणूस नव्हे. पण गाठ सोडल्याची गोष्ट त्याच्याइतक्या वेळा कुणी सांगितली नसेल. आप्पा तसं म्हणाले त्या दिवशी अंगणात तो स्वतः उभा होता, म्हणून त्याला तो हक्कच वाटायचा.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, एका सोमवारी सकाळी, सेंटरमध्ये गर्दी होती. सयाजी कंबरेचा फोटो काढायला येऊन बाकावर बसला होता. दार उघडून बापूसो आप्पा आत आले. बरोबर नात, आदिती. सात-आठ वर्षांची, शाळेच्या गणवेशात, उजवा हात छातीशी धरलेला. त्या रस्त्याला आणखी तीन एक्स-रे सेंटर होती. आप्पा आमच्याकडे आले.

ते वाळले होते. मोडलेले कान तेवढे तसेच होते. रांगेत चार जणांमागं उभे राहिले. लोक म्हणाले, आप्पा, पुढं जावा. ते गेले नाहीत. नंबर आला तेव्हा माझ्यासमोर उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं. हे मी दिवसातून साठ वेळा विचारते.

"शाळंत पायरीवरनं पडली. कोपर."

"तुम्हाला काय वाटतंय?" हे मी कुणालाच विचारत नाही. तोंडातून गेलं.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "मला न्हाय कळत," ते म्हणाले.

त्यांचा आवाज मुळात मोठा. बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं. सयाजी हसला. त्याला ती थट्टा वाटली.

मी आदितीचं नाव लिहिलं. ती माझं लिहिणं बघत होती. आत फोटो निघाला, डॉक्टरांनी उजेडावर धरून बघितला आणि बाहेर येऊन सांगितलं, हाड चांगलं आहे, कुठं तडासुद्धा नाही, नुसतं मुरगळलंय, आठ दिवस झोळीत ठेवा.

"मला वाटलंच हुतं," आप्पा म्हणाले.

मला आतून एकदम थकल्यासारखं झालं. तोच आवाज होता, म्हशीच्या वाक्याचा. मी पावती फाडून पुढं केली. आप्पांनी ती घेतली नाही. काउंटरला धरून ते तसेच उभे राहिले.

"पर तवाबी मला वाटलंच हुतं, हाड बसलं म्हणून," ते म्हणाले.

"कवा ओ, आप्पा?" सयाजीनं बाकावरून विचारलं.

आप्पा त्याच्याकडे वळले. माझ्याशी बोलले नाहीत, त्याच्याशी बोलले. मला नंतर वाटलं, तेच बरोबर केलं त्यांनी.

"ह्या पोरीच्या येळंला," ते म्हणाले. "सयाजी, तू हुतास तितं. हिनं गाठ सोडली न्हवती. गाठ माझी हुती. मी जशी बांधलती तशीच नवव्या दिवशी हुती, आन् मी ह्या हातानं सोडली. ती दुसऱ्या कुणी सोडली असती तर मला बघताक्षणी कळलं असतं. मला तवाच ठाव हुतं."

सयाजीनं माझ्या ओढणीकडे बघितलं. आत मशीन चालू होतं, त्याचा आवाज येत होता.

"मग तसं का सांगितलं?" शेवटी सयाजीनं विचारलं.

"चुकलो असं म्हणवलं न्हाय. तवा तोंडात आलं त्ये बोललो. मग त्ये खरंच हून बसलं."

या दिवसासाठी मी बरंच काही ठरवून ठेवलं होतं. शाळेत असताना ठरवलेलं वेगळं, आबा गेल्यावर ठरवलेलं वेगळं. त्यातलं काही आठवलं नाही. मी गाठ सोडली नव्हती. एवढं एक मात्र डोक्यात नीट बसलं, आणि त्यानंतर तिथं बाकी कशाला जागा राहिली नाही.

"आबा गेले," मी म्हणाले.

"म्हाईत हाय."

"त्यांना सांगायला पाहिजे होतं तुम्ही."

"व्हय," आप्पा म्हणाले. "सांगायला पायजे हुतं."

त्यांनी आणखी काही सांगितलं नाही. बायकोच्या मनगटाचं नाही, आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरल्याचं नाही. मग काउंटरवर स्वतःचा हात उताणा ठेवला.

"हात बघू."

मी उजवा हात ओढणीतून काढून त्यांच्या हातावर ठेवला. नवव्या दिवसानंतर त्यांनी तो बघितला नव्हता. अंगठ्यापासून त्यांनी सुरुवात केली. पेरावर नख दाबायचं आणि माझ्या तोंडाकडे बघायचं.

"हितं कळतंय?"

"न्हाय."

"हितं?"

"न्हाय."

पाचही बोटं झाली. ते मनगटावर आले, मनगटाच्या वर आले. तीन-चार इंच वर आल्यावर मी व्हय म्हणाले. त्यांनी मान हलवली, तिथं अंगठा ठेवून थोडं थांबले, आणि मग पुन्हा खाली येऊन माझी वळलेली बोटं त्यांच्या मुठीत घेतली. आदिती आमच्याकडे बघत होती. मागं तीन नंबर थांबले होते. आप्पांनी माझा हात सोडला नव्हता. मला ते दिसत होतं.